राजीनामा लिहिण्याआधी: अपंगत्वामुळे नोकरी सुटताना आरोग्य विम्याची वाट, नागपूरकरांसाठी

माझा राजीनामा अडीच ओळींचा होता. ‘वैयक्तिक कारणास्तव लिहून द्या भाऊ, लवकर क्लिअर होते,’ असं एचआरमधला मुलगा म्हणाला, आणि मी लिहून दिलं. मणक्याला मार लागून आठ महिने झाले होते. बुटीबोरीपर्यंत रोज जाणं आता जमणार नाही हे मला दिसत होतं, आणि सगळ्यांनाच तो विषय एकदाचा मिटवायचा होता. महिनाअखेरीस राजीनामा मंजूर झाला. त्यानंतर सहाव्या आठवड्यात बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) चिघळला, धंतोलीत भरती व्हावं लागलं, आणि कॅशलेसच्या खिडकीवर कळलं की कार्ड बंद पडलंय. कधीपासून? राजीनामा मंजूर झाला त्या दिवसापासून.

त्या मुलाने मुद्दाम काही केलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. नोकरीचा शेवटचा दिवस आणि विम्याचा शेवटचा दिवस बहुधा एकच असतो. त्या दिवसाच्या अलीकडे जे हक्क मागता येतात, त्यांतले बरेचसे पलीकडे गेल्यावर उरत नाहीत. म्हणून हा लेख मुख्यतः ज्यांनी ती अडीच ओळींची चिठ्ठी अजून दिलेली नाही त्यांच्यासाठी. ज्यांनी देऊन टाकली त्यांनाही वाट आहे, फक्त थोडी लांबची.

सगळ्यात आधी: सोडायलाच हवी का?

सरकारी, निमसरकारी नोकरी असेल तर थांबा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० प्रमाणे सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापना काढू शकत नाही, खालच्या पदावरही टाकू शकत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं पद द्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास त्याच्यासाठी केलेल्या जादा पदावर ठेवायचं. तरीही ‘स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका’ असं प्रेमाने सांगणारे भेटतातच. त्यांना हे कलम दाखवा.

खासगी कंपनीला इतकं बांधणारं कलम नाही. तरी बसून करता येईल असं काम लेखी मागून पाहा. नकार मिळाला तर तोही कागद आहे, पुढे उपयोगी पडतो. आणि निर्णय लांबवायचा असेल तर बिनपगारी रजा हा राजीनाम्यापेक्षा बरा पर्याय. बिनपगारी रजेवरचा माणूस कागदोपत्री कर्मचारीच असतो. त्या काळात ग्रुप पॉलिसीत, म्हणजे कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या विम्यात, नाव राहील का, एवढं ईमेलवर विचारून ठेवा. तोंडी ‘हो ना, राहते’ याला किंमत नाही.

पगाराची स्लिप काढा

कपातीच्या रकान्यात ‘ईएसआय’, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, आहे का पाहा. असेल तर तुमची वाट वेगळी, नसेल तर वेगळी. महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होतो. दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० आहे. कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के असा हिशोब असतो.

हिंगणा, बुटीबोरी, कामठी रोड या पट्ट्यातल्या बहुतेक कामगारांचा ईएसआय कापला जातो आणि बहुतेकांना तो फुकट गेलेला पैसा वाटतो. सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयाबद्दल लोक काय बोलतात ते मला माहीत आहे, त्यातलं काही खरंही आहे. पण अपंगत्व आल्यावर टिकण्याच्या बाबतीत ईएसआय खासगी ग्रुप पॉलिसीपेक्षा कितीतरी मजबूत आहे. कसं ते सविस्तर सांगतो, कारण हे कुणी सांगत नाही.

एक. नोकरी सुटली म्हणून ईएसआय त्याच दिवशी संपत नाही. एप्रिल ते सप्टेंबर या काळात भरलेल्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो, आणि ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरचा. आजारपणाच्या भत्त्यासाठी त्या सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. समजा नोव्हेंबरच्या मध्यावर नोकरी सुटली. एप्रिल ते सप्टेंबर पूर्ण भरलेलं असेल तर पुढच्या ३० जूनपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. राजीनाम्याची तारीख चार आठवडे पुढेमागे केल्याने कधीकधी सहा महिन्यांचं संरक्षण वाढतं. कॅलेंडर समोर ठेवूनच तारीख ठरवा.

दोन. मोठ्या आजारांसाठी वाढीव आजारपण लाभ आहे. साधा लाभ वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवस. कर्करोग, अर्धांगवायू, पॅराप्लेजिया (दोन्ही पाय लुळे पडणं), पार्किन्सन, गंभीर मानसिक आजार अशा ३४ आजारांच्या यादीत तुमचा आजार असेल तर ८० टक्के, आणि तो दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी आणि ठरलेली वर्गणी लागते. हा काळ संपायच्या आत राजीनामा देण्यात काहीच शहाणपण नाही.

तीन. कामावर असताना झालेल्या अपघाताने कायमचं अपंगत्व येऊन नोकरी सुटली असेल, तर वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार निवृत्तीच्या वयापर्यंत चालू ठेवता येतात. पुन्हा वाचा: वर्षाला १२० रुपये. आणि ‘कामावर’ याचा अर्थ फक्त मशीनवर असा नाही. घरून कामाला जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, वेळ आणि रस्ता कामाशी जुळत असेल तर, नोकरीतली दुखापत धरला जातो. वर्धा रोडवर, हिंगणा रोडवर सकाळ-संध्याकाळच्या शिफ्टला गाडीवरून पडलेल्यांची संख्या कमी नाही. त्यातले कितीतरी जण दवाखान्यात ‘घरचा अपघात’ किंवा नुसतं ‘गाडी घसरली’ एवढंच लिहून घेतात. कंपनीकडून अपघात अहवाल ईएसआयकडे गेला का, हे घरच्यांपैकी कुणीतरी पहिल्या आठवड्यातच विचारा. पुढचे सगळे लाभ त्या कागदावर उभे असतात, वैद्यकीय मंडळापुढचं मासिक अपंगत्व वेतनसुद्धा.

चार. अपघात कामावरचा नसला, पण ४० टक्के किंवा जास्त कायमचं अपंगत्व येऊन नोकरी गेली, आणि किमान दोन वर्षं वर्गणी भरलेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत बेरोजगारी भत्ता मिळू शकतो: पहिली १२ महिने वेतनाच्या ५० टक्के, पुढची १२ महिने २५ टक्के. भत्ता चालू असेपर्यंत कुटुंबाचे उपचारही चालू. आता मेख. स्वेच्छेने सोडलेल्या नोकरीला हा भत्ता नाही. म्हणजे ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोन शब्द लिहिले की दार आपल्याच हाताने लावून घेतलं. पत्रात खरं कारण लिहा: अमुक तारखेच्या दुखापतीमुळे आलेल्या कायमच्या अपंगत्वाने हे काम करण्यास मी असमर्थ आहे, वैद्यकीय प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. एचआरला फॉर्मच्या चौकटी भरायच्या असतात. तुम्ही मात्र वाक्य तसंच राहू द्या आणि पोच घ्या.

चौकशीसाठी गणेशपेठेतलं पंचदीप भवन, किंवा तुमच्या कारखान्याच्या भागातलं शाखा कार्यालय. दर आणि अटी मधूनमधून बदलतात, म्हणून त्या दिवशीचा नियम तिथेच विचारून घ्या. सकाळी लवकर जा, दुपारच्या जेवणाच्या वेळेला जाऊन वैतागू नका.

ईएसआय नसेल तर: ग्रुप पॉलिसीतून स्वतःच्या पॉलिसीत

इथे मी चुकलो. ग्रुप पॉलिसीतून बाहेर पडणाऱ्या सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कुटुंबाच्या पॉलिसीत जाण्याची सोय आहे. तिला ‘मायग्रेशन’ म्हणतात. तुम्ही ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीत, म्हणजे जुन्या आजाराचा खर्च मिळण्याआधी थांबावं लागतं त्या काळात, धरली जातात. म्हणजे चार वर्षं ग्रुपमध्ये होता, तर नव्या पॉलिसीत जुन्या आजारासाठी पुन्हा तीन वर्षं थांबायचं नाही. हे श्रेय जुन्या विमा रकमेपुरतंच मिळतं. ग्रुपमध्ये ३ लाख होते आणि आता १० लाखांची घेतली, तर वरच्या ७ लाखांना प्रतीक्षा नव्याने सुरू.

विमा कंपनी तपासणी करू शकते, हप्ता वाढवू शकते, त्यामुळे हे काही हमीचं तिकीट नव्हे. पण अर्ज नोकरीत असतानाच गेला पाहिजे. खंड पडला की तुम्ही नवे गिऱ्हाईक, आणि मणक्याची दुखापत हा ‘आधीचा आजार’. शेवटच्या दिवसाच्या निदान महिनाभर आधी अर्ज द्या.

एचआरकडून हे मागून घ्या: विमा कंपनीचं नाव आणि मास्टर पॉलिसी क्रमांक, तुम्ही कोणत्या तारखेपासून सदस्य आहात त्याचं पत्र, आतापर्यंतच्या दाव्यांचा तपशील. कार्डावर छापलेलं नाव बऱ्याचदा टीपीएचं (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचं) असतं, विमा कंपनीचं नसतं. मी तीन दिवस चुकीच्या ठिकाणी फोन लावत बसलो होतो.

आणखी एक गोष्ट मागता येते, फार थोडे लोक मागतात. पॉलिसीचं वर्ष संपेपर्यंत नाव यादीत ठेवा, अशी विनंती करा. नाव काढलं की उरलेल्या महिन्यांचा हप्ता कंपनीला परत मिळतो, म्हणून एचआर ते लगेच काढतं. पण बहुतेक ग्रुप पॉलिसींत त्या वर्षी दावा घेतलेल्या सदस्याचा हप्ता परत मिळत नाही. तुमचं ऑपरेशन याच वर्षी झालं असेल तर तुमचं नाव काढून कंपनीला काही सुटणार नाही. हे शांतपणे सांगून पाहा. माझ्यानंतर आमच्याच लाईनवरच्या एका मुलाने सांगितलं, आणि त्याला पाच महिने मिळाले.

पती किंवा पत्नी नोकरीत असेल तर त्यांच्या ग्रुप पॉलिसीकडे सगळ्यात आधी बघा. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले असतात, आणि असं बाजारात विकत मिळत नाही. अडचण एवढीच की नवीन नाव बहुधा नूतनीकरणाच्या वेळीच घालू देतात. ती तारीख आजच विचारा. मी आज पत्नीच्या पॉलिसीत आहे, आणि मधले सात महिने कसे गेले ते आम्हालाच माहीत.

रेल्वे, वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) किंवा केंद्र सरकारी खात्यातून वैद्यकीय कारणाने बाहेर पडणाऱ्यांना निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय योजना लागू होतात. तुमच्या खात्याच्या कार्मिक विभागात नाव नोंदवल्याशिवाय शेवटची सही करू नका. आणि तरुण मुलाची नोकरी सुटली असेल, वडील सीजीएचएसमध्ये (केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेत) असतील, तर ४० टक्क्यांवर अपंगत्व असलेल्या अवलंबून मुलाला तिथे वयाची अट नाही.

यूडीआयडी कार्ड

हे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. यालाही नोकरीत असतानाच लागा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा, तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. नागपुरात मेडिकल किंवा मेयो. (नवीन आलेल्यांसाठी: ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ‘मेयो’ म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. ऑटोवाल्याला पूर्ण नाव सांगाल तर तोच तुम्हाला विचारेल, कोणतं?) तपासणीच्या दिवशी मूळ डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची फिल्म, आधार, फोटो आणि सोबत एक धडधाकट माणूस घेऊन जा. दुखापत ताजी असेल तर तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. त्यावरची मुदत संपायची तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा.

कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांना ४० टक्के लागतात. दिसणारं अपंगत्व नाही म्हणून लाजून मागे राहू नका. सिकलसेल आणि थॅलेसेमियाही त्या २१ मध्ये आहेत, आणि विदर्भात सिकलसेलची घरं कितीतरी.

सरकारी योजना: काय मिळतं, काय नाही

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता रेशन कार्डाच्या रंगावर अवलंबून नाही. पांढरं कार्डवाल्यांसह राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती लागू आहे, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. नोकरी सुटलेल्या माणसाच्या पायाखाली सध्या असलेली ही सगळ्यात रुंद फळी. वयाची, आधीच्या आजाराची, प्रतीक्षेची कसलीच अट नाही. रेशन कार्ड आणि आधार नीट जुळवून ठेवा. नावातला एक काना इकडेतिकडे असला तरी भरतीच्या दिवशी धावपळ होते. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं, आधी तिथे जा आणि मग भरती व्हा. उलट क्रमाने गेलात की डिपॉझिट मागतात. हेल्पलाइन १५५३८८.

पण ही योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांसाठी, भरती झाल्यावर आणि योजनेत असलेल्या रुग्णालयातच चालते. माझा महिन्याचा खरा खर्च म्हणजे कॅथेटर, युरोबॅग, ड्रेसिंग, फिजिओथेरपी. यातलं काही तिच्यात बसत नाही, आणि साध्या खासगी पॉलिसीतही बसत नाही. घरचं बजेट करताना ही रक्कम विम्याच्या बाहेर धरा.

घरात ७० च्या वरचे आईवडील असतील तर त्यांचं मोफत उपचारांसाठीचं आयुष्मान वय वंदना कार्ड वेगळं काढा. त्यांना मिळकतीची अट नाही.

‘निरामय’बद्दल लोक हमखास सांगतात: लाखाचा विमा, तपासणी नाही, हप्ता अगदी कमी. खरं आहे, पण ती राष्ट्रीय न्यासाची योजना असून फक्त ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. अपघातात पाय गेलेल्याने तिच्या मागे दिवस घालवू नये.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवण्याचं बंधन आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. नोकरी सुटल्यावर जुना दाखला चालवत बसू नका, नवा काढा.

पासबुकही उघडून बघा. दरवर्षी मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. अपघातात एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला असेल तर १ लाख, दोन्ही गेले असतील तर २ लाख. हा आरोग्य विमा नाही, पण पुढच्या काही वर्षांचा हप्ता त्यातून निघतो.

स्वतःची पॉलिसी विकत घेताना

‘दिव्यांग आहात? मग नाही होणार,’ असं एजंटने सांगितलं तर तिथे संपवू नका. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दिव्यांगांसाठी विमा उत्पादनं आणायला सांगितलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयआरडीएआयने (विमा कंपन्यांच्या नियामकाने) सगळ्या आरोग्य विमा कंपन्यांना तसं उत्पादन ठेवायला लावलं. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘तुमचं दिव्यांगांसाठीचं उत्पादन कोणतं?’ कंपनी प्रत्येक अर्ज स्वीकारेलच असं नाही, पण नकार लेखी आणि कारणासह मागा.

आधीच्या आजारासाठी प्रतीक्षा आता जास्तीत जास्त ३६ महिने असू शकते. पाच वर्षं सलग हप्ते भरले की, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘माहिती लपवली’ म्हणून दावा नाकारता येत नाही. हे ऐकून काही एजंट सुचवतात की मणक्याचं लिहूच नका, पाच वर्षं काढा. असल्या माणसाला चहा पाजून निरोप द्या. प्रस्ताव अर्जात सगळं लिहा, अर्ज स्वतः वाचून सही करा, ओटीपी एजंटला देऊ नका.

दिव्यांगांच्या पॉलिसींत सहभाग रक्कम, म्हणजे को-पे, जास्त असू शकते. २० टक्के असेल तर ३ लाखांच्या बिलात ६० हजार तुमचे. खोलीभाड्याची मर्यादा तर आणखी चकवते: दिवसाला ५,००० ची मर्यादा आणि तुम्ही १०,००० च्या खोलीत राहिलात, तर फक्त भाड्याचे नाही, डॉक्टरांच्या फीसकट बऱ्याच गोष्टींचे पैसे निम्मे होतात. रामदासपेठ-धंतोलीतल्या तुमच्या नेहमीच्या दवाखान्याचा जनरल आणि ट्विन शेअरिंगचा दर आधी विचारून घ्या आणि त्यावरून पॉलिसी निवडा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. जुना, १८ टक्के लावलेला कोटेशनचा कागद कुणी दाखवला तर नवा मागा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पसंत पडली नाही तर परत करता येते. त्या ३० दिवसांत ‘अपवाद’ हे पान तरी वाचाच.

दावा अडला तर

आधी विमा कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. टीपीएला फोन केला ही तक्रार धरत नाहीत. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नागपूर पुण्याच्या लोकपालाच्या कक्षेत येतं. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं, फी नाही, वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर मागता येते, त्यामुळे व्हीलचेअर घेऊन पुण्याची गाडी पकडायची गरज नाही. सुनावणीला डिस्चार्ज कार्ड, नकाराचं पत्र आणि राजीनाम्याची पोच समोर ठेवा. पहिला प्रश्न तारखांचाच असतो.